प्रकल्प नोंदी: झाकण मिटल्यावर बॅटरी खातंय कोण

१२ एप्रिल २०२५

अभ्यासिकेतले सहा लॅपटॉप आजपासून हातात घेतले. सगळे एकाच मॉडेलचे, इंटेलच्या ११ व्या पिढीचे आय-फाइव्ह, एका ऑफिसने बदलले तेव्हा लॉटमधे मिळाले होते आणि त्यावर विंडोज काढून डेबियन १२, म्हणजे लिनक्स, टाकलेलं आहे. तक्रार अशी की रात्री पोरं झाकण मिटून कपाटात ठेवतात तेव्हा ९० टक्के असतात आणि सकाळी उघडावं तर ३७, कधी ३५. त्यात आपल्याकडे सकाळीच लाइट जाते, मग जी मुलं साडेसहाला येऊन बसतात त्यांचा लॅपटॉप दोन तासांत बंद. अभ्यासिका बघणाऱ्या ताई म्हणाल्या, दादा बॅटऱ्या गेल्यात, नवीन घ्यायच्या का? सहा बॅटऱ्यांचे पैसे म्हणजे वर्षभराच्या पुस्तकांचे पैसे. त्यामुळे आधी नीट मोजायचं आणि मगच काय ते ठरवायचं.

एक नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधी आकडा, मग बदल, मग परत आकडा. बॅटरी वाचवायचे सल्ले ढिगाने मिळतात आणि दहा सेटिंग एकदम मारल्या की कशाने फरक पडला ते कायमचं गुलदस्त्यात राहतं. कामाला एकच लॅपटॉप घेतलाय, बाकीचे पाच मुलांकडेच राहू देत.

१३ एप्रिल

सुरुवात बॅटरीपासून. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळं सांगतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/ मधे एनर्जी_फुल_डिझाइन म्हणजे कारखान्यातून निघताना किती मावत होतं आणि एनर्जी_फुल म्हणजे आज किती मावतं, दोन्ही मायक्रोवॉट-अवरमधे. आपल्या नगाला ५० वॉट-अवरचं डिझाइन आहे आणि आज ४१.२ मावतात, म्हणजे ८२ टक्के. वापरलेल्या लॅपटॉपला हे चांगलंच म्हणायचं. बॅटरी गेलेली नाही, तिला कोणीतरी रात्रभर पितंय.

मग दुसरी शंका, हा झोपतो तरी का? जर्नलसीटीएल या नोंदी वाचायच्या कमांडने काल रात्रीचा कर्नल लॉग काढला. ९:१० ला 'पीएम: सस्पेंड एंट्री (एस२आयडल)' आणि सकाळी ६:४० ला 'सस्पेंड एक्झिट', मधे काही नाही. म्हणजे रात्री अधूनमधून उठत पण नाहीये. साडेनऊ तास सलग झोप आणि तरी निम्म्याहून जास्त बॅटरी गायब.

त्या ओळीतलं एस२आयडल महत्त्वाचं, हा झोपेचा एक प्रकार. /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचली तर तिच्यात फक्त '[एस२आयडल]' एवढंच. जुन्या लॅपटॉपवर इथे 'डीप' पण दिसतं, म्हणजे एसीपीआय या वीज सांभाळायच्या नियमावलीतली एस३ झोप, ज्यात रॅमला तेवढा करंट राहतो आणि बाकी सगळं बंद होतं, आणि हे बंद करायचं काम फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं बायॉस, करतं. एसीपीआय १९९६ मधे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने आणलं, आणि बरीच वर्षं लॅपटॉपची झोप म्हटलं की बहुतेक एस३ च होती. पण गेल्या काही वर्षांत मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे एस२आयडलसारखी झोप, आलं आणि बऱ्याच लॅपटॉपमधून एस३ काढूनच टाकली. बूट लॉगमधे स्पष्ट लिहिलंय, 'सपोर्ट्स एस० एस४ एस५'. तीन नंबर गायब. त्यामुळे 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप टाका' हा जो सगळीकडे पहिला सल्ला असतो तो इथे लागूच होत नाही, जी झोप हार्डवेअरमधेच नाही ती पॅरामीटर लिहून येणार कुठून.

उद्या अभ्यासिकेत जयंतीचा कार्यक्रम आहे, काम परवा.

१५ एप्रिल

मोजायची पद्धत पक्की केली. आरटीसीवेक नावाची कमांड आहे, ती लॅपटॉपला झोपवते आणि सांगितलेल्या सेकंदांनी घड्याळाच्या अलार्मवर उठवते. चार्जर काढायचा, एनर्जी_नाऊ वाचून लिहून ठेवायचं, ३६०० सेकंद झोपवायचं, उठल्यावर परत एनर्जी_नाऊ वाचायचं. तासाभराचा फरक म्हणजे थेट सरासरी वॉट. दहा मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये, बॅटरीचा आकडा कंट्रोलर टप्प्याटप्प्याने बदलतो, छोट्या वेळात काहीही दिसतं.

आजचा आकडा २.३ वॉट. साडेनऊ तासांचे जवळपास २२ वॉट-अवर, ४१ पैकी. तक्रारीशी बरोबर जुळतं.

आता एस२आयडलमधे नक्की काय व्हायला पाहिजे ते मांडून ठेवतो कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. यात फर्मवेअर मधे पडत नाही. कर्नल प्रोसेस गोठवतो, एकेक डिव्हाइस झोपवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खोल आयडल स्टेटमधे सोडतो. कोअरच्या सी-स्टेट, म्हणजे झोपेच्या पायऱ्या, वेगळ्या आणि अख्ख्या पॅकेजच्या, म्हणजे पूर्ण प्रोसेसर चिपच्या, वेगळ्या, पीसी२, पीसी३ असं उतरत पीसी१० पर्यंत. पॅकेज पीसी१० ला पोचलं आणि चिपसेटकडची सगळी डिव्हाइस गप्प असली की मग चिपसेट स्वतः झोपतो, त्याला एस०आयएक्स म्हणतात, आणि खरी बचत तिथे आहे. पण एक जरी डिव्हाइस 'मला लगेच उत्तर पाहिजे' म्हणून जागं राहिलं की सगळी उतरण वरच अडकते. वाड्यात एकाच्या खोलीत दिवा जळत असला की दिंडी दरवाजाला कडी लावता येत नाही, तसं. स्क्रीन काळी असते, लॉगमधे सस्पेंड लिहिलेलं असतं, आणि आत वीज चालूच.

चिपसेट झोपला का हे बघायला पण काउंटर आहे. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूआयडल/ मधे लो_पॉवर_आयडल_सिस्टिम_रेसिडेन्सी_यूएस. झोपायच्या आधी शून्य. तासाभराने उठल्यावर पण शून्य. म्हणजे तासात एक मायक्रोसेकंद पण चिपसेट झोपला नाही. मला ही एक ओळ दहा सल्ल्यांपेक्षा जास्त कामाची वाटते, कारण आता अंदाज संपला, कोणीतरी अडवतंय हे नक्की झालं. ज्यांच्याकडे ६.४ किंवा पुढचा कर्नल आहे त्यांना /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/ मधे लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप ही फाइल मिळते, तिथे मागच्या झोपेतला हार्डवेअर झोपेचा वेळ सरळ लिहिलेला असतो. डेबियन १२ चा ६.१ आहे म्हणून मला आडवळणाने जावं लागलं.

/प्रॉक/एसीपीआय/वेकअप मधून यूएसबीचं वेकअप बंद करायचा सल्ला पण असतो. तो लॅपटॉप मधेच उठत असेल तर. आपला उठतच नाही, त्याला हात लावला नाही.

१६ एप्रिल

टीएलपी हे बॅटरी वाचवायचं साधन टाकून बघितलं, कारण प्रत्येक जण तेच विचारणार. ग्नोम या डेस्कटॉपबरोबर तसल्याच कामाचा पॉवर-प्रोफाइल्स-डेमन आलेला असतो तो आधी काढला, दोघं एकत्र ठेवू नयेत, एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो. चालू लॅपटॉपवर ७.९ चे ७.५ वॉट झाले. झोपेत २.३ चे २.३. टीएलपी वाईट नाही, पण आपला रोग तो नाही. काढलं आणि आधीचं परत बसवलं.

१९ एप्रिल

आज सापडलं. सविस्तर लिहितो.

टर्बोस्टॅट, म्हणजे प्रोसेसर कुठल्या पायरीवर किती वेळ असतो ते दाखवणारं साधन, डेबियनमधे लिनक्स-सीपीयूपॉवर या पॅकेजात येतं. लॅपटॉप चालू ठेवला, ब्राउझर बंद, हात न लावता नुसता बसू दिला आणि पॅकेजचे रकाने बघितले. पीसी२ मधे ६० टक्क्यांच्या वर, पीसी३ मधे थोडं, आणि पीसी६, पीसी८, पीसी१० तिन्ही शून्य, कितीही वेळ थांबा. म्हणजे हा आजार झोपेचा नाहीच, जागेपणी पण पॅकेज तिसऱ्या पायरीच्या खाली उतरत नाही. दिवसाची बॅटरी पण यातच जात होती, फक्त झोपेतली डोळ्यावर आली.

पीसी३ च्या आसपास अडकलं की पहिला संशय पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे डिस्क, वायफाय अशी डिव्हाइस जोडणाऱ्या वाटेच्या, लिंकवर घ्यायचा. या लिंकला स्वतःची वीजबचत असते, एएसपीएम, त्यात एल१ आणि त्याच्या आतली एल१.२ ही खोल अवस्था. एलएसपीसीआय ही त्या डिव्हाइसची यादी देणारी कमांड जोड-व्ही देऊन सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, चालवली आणि प्रत्येक डिव्हाइसची लिंककंट्रोलची ओळ वाचत गेलो. वायफायला एएसपीएम एल१ एनेबल्ड, ठीक. मग एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे आतली डिस्क. लिंककॅपमधे लिहिलंय की मला एल१ येतं, आणि खाली लिंककंट्रोलमधे 'एएसपीएम डिसेबल्ड'. आणि त्याहून बघण्यासारखा होता तिचा पत्ता. सगळी डिव्हाइस ००००: ने सुरू होतात आणि ही एकटी १००००:ई१:००.० वर बसलीये.

हा १०००० चा डोमेन म्हणजे इंटेलचं व्हीएमडी, व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. हे मुळात सर्व्हरवरच्या एनव्हीएमई डिस्कच्या रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्यासाठी, नंतर लॅपटॉपच्या चिपमधे पण आलं, आणि विंडोजबरोबर आलेल्या बऱ्याच लॅपटॉपमधे बायॉसला ते आधीच चालू असतं. व्हीएमडी चालू असलं की एसएसडी त्याच्या मागे लपते. मग बायॉस तिच्या लिंकवर एएसपीएम लावत नाही, तिची लेटन्सीची मर्यादा भरत नाही. इकडे कर्नलची एएसपीएम पॉलिसी असते 'डीफॉल्ट', म्हणजे बायॉसने जे ठेवलंय तेच ठेवायचं. बायॉस म्हणतो कर्नल बघेल, कर्नल म्हणतो बायॉसने ठरवलंय, आणि लिंक दिवसरात्र पूर्ण जागी. एका डिस्कपायी अख्खं पॅकेज वर लटकलेलं. अलीकडच्या कर्नलमधे व्हीएमडी ड्रायव्हरच हे भरून काढायचा प्रयत्न करतो, पण एकाच एसएसडीच्या लॅपटॉपला रेडचं करायचंय काय, मुळात ते बंदच असावं असं माझं मत.

'पीसीआयई_एएसपीएम=फोर्स' हा सल्ला पण वाचला असेल, तो घेऊ नका. जिथे फर्मवेअरने एएसपीएम नाही म्हटलंय तिथे पण तो बळजबरीने चालू करतो, आणि काही हार्डवेअरवर मशीन तिथेच गोठते. मुलांच्या नोट्स असलेल्या डिस्कवर मी हा प्रयोग करणार नाही.

२० एप्रिल

बायॉसमधे व्हीएमडी बंद करायच्या आधीची तयारी, क्रमाने केली आणि कोणीही करावी. होम फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मग एफएसटॅब ही पार्टिशन जोडायची यादी उघडून बघितलं की पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे ज्याच्या त्याच्या ओळख क्रमांकाने, लिहिलेत का, डेबियनचा इन्स्टॉलर तसंच लिहितो, त्यामुळे डिस्कचा पत्ता बदलला तरी बूट अडत नाही. मग एलएसइनिटरामएफएसने खात्री केली की एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूट इमेजमधे आहे. ज्यांच्याकडे शेजारी विंडोज आहे त्यांनी मात्र असं सरळ करू नये, विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवर बसवलेलं असेल तर बंद केल्यावर ते उठतच नाही, आधी तिकडे तयारी करावी लागते.

बंद केलं, सेव्ह केलं, डेबियन काही न बोलता वर आलं. एसएसडीचा पत्ता आता ००००:०१:००.०, लिंककंट्रोलमधे 'एएसपीएम एल१ एनेबल्ड', आणि सबस्टेटच्या ओळीत एल१.२ ला प्लस. टर्बोस्टॅटमधे पहिल्यांदाच पीसी८ च्या रकान्यात आकडे आले. पीसी१० अजून शून्य.

चालू लॅपटॉप, तोच ब्राइटनेस, तेच वायफाय: ७.९ चे ५.३ वॉट. तासाभराची झोप: २.३ चा १.०. चिपसेटचा काउंटर मात्र अजून शून्यच. म्हणजे आणखी एक जण जागा आहे.

२३ एप्रिल

डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फायलींमधे पीएमसी_कोअर फोल्डर आहे, त्यात एलटीआर_शो. चिपसेटच्या प्रत्येक भागाने 'मी इतका वेळ थांबू शकतो' म्हणून दिलेली मुदत तिथे दिसते. ज्याची मुदत मोठी त्याची अडचण नाही, जो अगदी थोड्या वेळात उत्तर मागतो तो आडवा येतो. बाकी ओळी ठीक होत्या, एका साउथपोर्टची मुदत सारखी छोटीच दिसत होती. साउथपोर्ट म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या रूट पोर्टांचा गट. एलएसपीसीआय झाड दाखवायच्या ऑप्शनने चालवून जुळवलं, चिपसेटच्या पोर्टांवर दोनच गोष्टी, वायफाय आणि मेमरी कार्डचा रीडर. वायफायची लिंक आधीच बघितली होती, ती बरी आहे. रीडरच्या लिंकवर एएसपीएम डिसेबल्ड.

कार्ड रीडर अभ्यासिकेत कोणी वापरत नाही. ताईंना विचारून घेतलं, त्यांना अशी खाच आहे हेच माहीत नव्हतं. बायॉसमधे तो बंद करायची सोय आहे, केला. रीस्टार्टनंतर तो पोर्टच यादीतून गेला.

टर्बोस्टॅट: पीसी१० मधे आकडा आला. हात न लावता पडू दिला आणि स्क्रीन बंद झाली तेव्हा तर ८० च्या पुढे गेला. तासभर झोपवला, उठल्यावर चिपसेटचा काउंटर वाचला तर ३४७ कोटी मायक्रोसेकंद, म्हणजे ३६०० पैकी ३४७० सेकंद चिपसेट खरोखर झोपलेला. इतके दिवस शून्य बघून झाल्यावर हा आकडा बघून मी शेजारच्या खोलीत जाऊन ताईंना दाखवला, त्यांना मायक्रोसेकंद कळले नाहीत पण आनंद कळला.

तासाच्या फरकावरून ०.३ वॉटच्या आसपास येतंय, एवढ्या छोट्या आकड्याला तास पुरत नाही. आज रात्री कपाटात नेहमीसारखा.

२४ एप्रिल

साडेनऊ तासांत २.९ वॉट-अवर. ९० टक्क्यांवर मिटला होता, सकाळी ८३.

२७ एप्रिल

आता जागेपणाचं. पॉवरटॉप लावलं, २००७ मधे इंटेलमधून आलेलं जुनं साधन आहे पण आजही कामाचं. त्याचा ट्यूनेबल्सचा टॅब उघडला की गुड-बॅडची लांब यादी येते आणि ऑटो-ट्यून मारायचा मोह होतो. मारू नये. तो यूएसबी माउसला पण ऑटोसस्पेंड लावतो, मग माउस दोन सेकंद थांबला की झोपतो आणि क्लिक केल्याशिवाय हलत नाही, मुलांना वाटतं माउस बिघडला. एकेक ओळ लावून मोजली, साउंड कार्डची वीजबचत सोडली तर कशाचाच आकड्यात दिसेल एवढा फरक नाही.

फरक पडतो तो स्क्रीनचा. ब्राइटनेस ४० टक्क्यांवर एकूण ४.४ वॉट, पूर्ण केला की ७.२. व्हीएमडी आणि रीडर मिळून जागेपणी जेवढं वाचलं त्यातला बहुतेक भाग एका स्लायडरने परत घालवता येतो. खिडकीजवळच्या टेबलांवर पूर्ण ब्राइटनेस लागतोच, त्याला इलाज टेबल फिरवणं, ताईंनी दोन टेबलं फिरवलीत.

आणि प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवणारा भाग, 'पॉवरसेव्ह' दिसतो म्हणून एका मुलाने विचारलं की म्हणून स्लो आहे का. नाही. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह जुन्या पॉवरसेव्हसारखा कमीत कमी वेगाला बांधून ठेवत नाही, लागेल तेव्हा टर्बोपर्यंत जातो. तो बदलून परफॉर्मन्स करू नका.

१ मे

सुट्टी असल्यामुळे पाचही लॅपटॉप एकदम मिळाले. प्रत्येकाचा बॅकअप, व्हीएमडी बंद, कार्ड रीडर बंद, मग एलएसपीसीआय, टर्बोस्टॅट आणि तासाची झोप. चार जण ०.३ ते ०.४ मधे आले. पाचव्याचं झोपेतलं ०.३ च आहे पण त्याची एनर्जी_फुल २३ वॉट-अवर, म्हणजे निम्मीपण नाही. ही बॅटरी खरंच संपलीये. सहाऐवजी एक बॅटरी घ्यायची, ताईंना तसं लिहून दिलं.

हायबरनेटचा पण विचार केला, झोपून दोन तास झाले की रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद, सिस्टिमडी या सर्व्हिस चालवणाऱ्या भागामधे सस्पेंड-देन-हायबरनेट म्हणून तयार आहे. पण सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय, चालू असलं की डेबियनचा कर्नल लॉकडाउनमधे, म्हणजे कडक बंदोबस्तात, जातो आणि हायबरनेट देत नाही. रात्रीला ७ टक्के जात असतील तर त्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं असं मला वाटत नाही.

चार्जिंगची मर्यादा: हे दिवसभर चार्जरला लावलेले असतात, आणि लिथियम बॅटरी सतत १०० टक्क्यांवर गरम राहिली की लवकर म्हातारी होते. या मॉडेलला चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड ही फाइल आहे, तिच्यात ८५ लिहिलं. ८० लिहा असं सगळे म्हणतात, पण आपल्याकडे लाइट किती वेळ जाईल याचा भरवसा नाही, तो ५ टक्क्यांचा अर्धा तास मुलांना द्यावासा वाटला. रीस्टार्टनंतर टिकावं म्हणून टीएमपीफाइल्स.डी या, बूटच्या वेळी फाइलमधे लिहायच्या सूचनांच्या, फोल्डरमधे डब्ल्यूची एक ओळ टाकली, वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

१८ मे

एका लॅपटॉपवर फर्मवेअर अपडेट आला, कोणीतरी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ४० टक्के. बायॉसच्या सेटिंग डीफॉल्टला गेल्या होत्या, व्हीएमडी चालू. बूटवर सगळं नीट चालतं त्यामुळे कोणाला कळायचं कारणच नाही. बंद केलं, आणि सहाही लॅपटॉपवर एक छोटी सिस्टिमडी सर्व्हिस बसवली, ती बूट झाल्यावर /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/ मधे १०००० ने सुरू होणारं नाव शोधते आणि सापडलं तर लॉगिन स्क्रीनवर मराठीत ओळ येते: 'व्हीएमडी चालू आहे, ताईंना सांगा.' ताईंकडे बायॉसमधल्या दोन्ही जागांचे फोटो छापून दिलेत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत.

बाकी काम: पाचव्याची नवी बॅटरी आली की एनर्जी_फुल नोंदवायची. डेबियन १३ स्थिर म्हणून जाहीर झाल्यावर एकाच नगावर व्हीएमडी चालू ठेवून नव्या कर्नलचा ड्रायव्हर एएसपीएम स्वतः लावतो का ते टर्बोस्टॅटमधे बघायचं, लावत असेल तर फर्मवेअर अपडेटची ही धास्ती राहणार नाही.